मापाच्या भिंतीशी

तीर्थस्वरूप ताईस, धाकट्याचा मनापासून नमस्कार.

देवाच्या कृपेने मी बरा आहे. खोलीत ऊन येतं, जेवणही वेळेवर होतं. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण ते वयाचं. भाऊजींचा खोकला गेला का?

तुझी पोरगी माझ्याकडे बास्केटबॉल शिकायला येते म्हणते, पण खेळून आणखी उंच झाली तर कसं, असं तू विचारलंस. उत्तर काल मिळालं.

कॉलेजच्या संघासाठी आम्ही बास्केटखाली खेळणाऱ्या उंच मुली निवडत होतो. मापाच्या भिंतीशी उंची मोजताना सगळ्या चोरून टाचा उचलतात. एक मात्र गुडघे वाकवत होती. खेळतानाही तिचे हात खालीच. आमचे मुख्य प्रशिक्षक, मोठे सर, म्हणाले, "हिची उंची नुसती बघायला. काढा हिला."

मी म्हटलं, "सर, एक डाव खेळू द्या." मग तिला बाजूला घेतलं. "बाळ, देवाने दिलंय ते लपवतेस कशाला?"

"घरी शिडी म्हणतात, सर."

"मग झालं तर! आम्ही शिडीच शोधतोय."

ती हसली आणि ताठ झाली. त्यानंतर रिंगवरून उसळलेला जवळजवळ प्रत्येक चेंडू तिच्याच हातात आला. मोठ्या सरांनी स्वतःहून तिला संघात घेतलं.

ताई, शाळेत उंची मोजताना तूही अशीच गुडघे वाकवायचीस.

भाचीला पाठव. तिला सोडायला तूच ये, आणि त्या भिंतीशी एकदा ताठ उभी राहा. तुझी खरी उंची मी अजून पाहिलेली नाही.

तुझ्या खांद्याला लागणारा,
धाकटा