काकूंचा बंद डबा

आई, परवा पुण्यात तुझ्या तेरवीवर अख्खं थेटर हसलं, आणि हसवलं मीच. हसू इतकं मोठं होतं की त्यापुढची दोन वाक्यं कुणाला ऐकूच आली नाहीत. शेजारी बसलेला माझा निर्माता खूश होऊन स्वतःच्या मांडीवर थापा मारत होता. मी मात्र तेव्हापासून एका जागी बसलेली नाही. पुण्याहून अमरावतीला आले, अमरावतीहून अकोल्याला जाऊन परत आले, आणि आता तुझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्याउभ्याच हे लिहिते आहे. तुझ्या पाटा-वरवंट्याच्या जागी वहिनीचा फ्रिज आहे. तो मधूनच गुरगुरतो आणि मी दचकते.

तुला आधी हे सांगायला हवं की मी सिनेमे करते. तू गेलीस तेव्हा मी अकरावीत होते आणि तुझ्या मते मी बी.एड. करून तुझ्याच शाळेत लागणार होते. ते राहिलं. त्याऐवजी मी तुझ्यावर सिनेमा केला. तुझ्यावर आणि तिच्यावर. तिचं नाव तू आयुष्यात कधी घेतलं नाहीस, ‘ती संत्रेवाली’ एवढंच म्हणायचीस. शेंदूरजनाघाटकडे त्यांच्या संत्र्याच्या बागा, पोरांच्या शाळेसाठी अमरावतीत घर केलेलं, तुझी आणि तिची एकच भिंत. ती तुला ‘मास्तरीण’ म्हणायची. दोन बायकांचं हाडवैर, एक भिंत आणि एक बंद डबा, एवढ्यावर माझा सिनेमा उभा आहे. लोक हसतात आणि हसता हसता त्यांच्या लक्षात येतं की आपण एका मरणाऱ्या बाईला हसतोय. असं मला करायचं होतं, आणि जमलं आहे, त्याचंच आता काय करावं कळत नाही.

पुण्याच्या माणसांना भुलाबाई समजावून सांगताना माझा घसा बसला. त्यांना वाटलं भोंडला. मी म्हटलं, त्याची वऱ्हाडातली बहीण समजा, पण आमच्याकडे गाण्यांपेक्षा खाऊला मान. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरींचा घोळका घराघरांत जातो, भुलाबाईपुढे गाणी म्हणतो, आणि मग घरची बाई झाकण लावलेला डबा आणून वाजवते. आवाजावरून, वासावरून ओळखायचं आत काय आहे. ओळखलं नाही तर ‘हरलो’ म्हणायचं. ‘हरलो’ म्हटल्याशिवाय डबा उघडायचा नाही, हा नियम. इतकं सांगितल्यावर एकाने विचारलं, “पण मग भांडण कशावरून?” मी म्हटलं, “यावरूनच.”

सुरुवात तूच केली होतीस. ती नवी राहायला आली त्या वर्षी तिच्या अंगणात आम्ही पोरी डोकं खाजवत बसलो होतो आणि तू भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होतीस. तिने डबा एकदाच हलवला आणि तू तिकडूनच, हातातलं पातळ झटकत, म्हणालीस, “मुरमुऱ्याचे लाडू हायेत पोरीहो, घरी चाला.” खरंच लाडू होते. तिचं तोंड पडलं. तिने डबा उघडला, आम्हाला एकेक लाडू दिला आणि भिंतीकडे बघून म्हणाली, “उद्या वळखा म्हना मास्तरीनबाईले.” त्या दिवसापासून खेळ आम्हा पोरींचा राहिलाच नाही. आम्ही गाणी म्हणायचो आणि खायचो, खेळायच्या तुम्ही दोघी.

काय काय केलंत तुम्ही. डब्यात वाजू नये म्हणून तू शंकरपाळे जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेस. खाऊचा वास कळू नये म्हणून तिने भर संध्याकाळी मिरच्या भाजल्या आणि सगळी गल्ली खोकायला लागली. भुलाबाईची गाणी आम्ही ठसकत म्हटली. तू मला विरजण मागायच्या निमित्ताने तिच्या घरात पाठवायचीस, आणि ती मला वाटीभर विरजण आणि रिकामी चूल दाखवून हसत परत पाठवायची, कारण खरा स्वयंपाक मागच्या परसात चाललेला असायचा. एरवी वर्षभर तुम्ही एकमेकींशी एक शब्द बोलला नाहीत. “तुह्या आईले सांग, पापडाची सावली माह्या कुरडयांवर पडून राहिली.” “त्यांले सांग, सूर्याले सांगा.” निरोप्या मी. मला अजून कुणी ‘सांग’ म्हटलं की मी आधी मध्ये भिंत आहे का ते बघते.

आणि तो संत्र्याच्या सालीचा दिवस. तिने डबा वाजवला आणि आतून काही आवाजच नाही. तू भिंतीशी आलीस, मान वाकडी करून कान दिलास, पुन्हा वाजवायला लावलंस. काही नाही. तू ‘हरले’ म्हणेनास आणि ती उघडेना. शेवटी तिने डबा दोन घरांमधल्या भिंतीवर ठेवून दिला. तो तिथेच राहिला. तू त्या रात्री जेवली नाहीस. बाबा म्हणाले, “अगं, खाऊच तर आहे.” तू त्यांच्याकडे असं पाहिलंस की ते वर्तमानपत्र घेऊन अंगणात गेले. पुढच्या दिवशी भिंतीवर मुंग्यांची रांग लागली आणि तू मोठ्याने जाहीर केलंस, “गोड हाय.” सिनेमात हे दृश्य जसंच्या तसं आहे. मुंग्या आणायला आम्हाला फार त्रास झाला, कारण कामाच्या वेळी मुंग्या येत नाहीत.

त्या डब्यातली संत्र्याच्या सालीची वडी मी नंतर चोरून खाल्ली होती, तिच्या हातून. साखरेत मुरवलेली साल, मऊ, किंचित कडसर. घरी येऊन मी तुझ्यापुढे तिचं कौतुक केलं. तू कणीक मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “एवढी आवडली त तिलेच आई म्हन.” मी रडले नाही, पण ते वाक्य मी सिनेमात वापरलं, आणि तुझं काम करणाऱ्या नटीला ते मान वर न करता म्हणायला लावलं. तिने विचारलं, रागाने म्हणू की दुखावून? तू कशाने म्हणाली होतीस ते मला आजही ठरवता येत नाही.

मग तू आजारी पडलीस. त्या वर्षी भुलाबाई बसल्या तेव्हा तू दवाखान्यात होतीस आणि सगळं गाव तुला बघून गेलं. तुझ्या शाळेतल्या बाया आल्या, तिवश्याची आत्या आली, दूधवालाही आला. ती नाही आली. तू मला रोज विचारायचीस, “आली होती का?” मी नाही म्हणायचे. तू समाधानाने डोळे मिटायचीस. “येनार नाई. कोन्या तोंडानं येईन?” मला तेव्हा तिचा इतका राग आला होता की घरी जाताना मी तिच्या फाटकाकडे बघायचे नाही.

ती आली ती थेट तुझ्या तेरवीला. घर माणसांनी भरलेलं, पंगतीची तयारी चाललेली, तुझ्या फोटोला हार. ती सरळ आत आली, फोटोपुढे बसली, पदराखालून डबा काढला आणि तुझ्या फोटोच्या कानाशी नेऊन वाजवला. “वळख,” ती म्हणाली. आणि हसली. मोठ्या मावशीने तो डबा तिच्या हातात परत कोंबला आणि दंडाला धरून तिला बाहेर काढलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, इथेच, जिथे आता उभी आहे. जिवंतपणी पुरलं नाही म्हणून ही बाई मेल्यावर जिंकायला आली, असं मला वाटलं. इतकी वर्षं तसंच वाटत राहिलं आणि सिनेमाचा शेवट मी त्यावरच केला. त्या दृश्यातलं सगळं मला लख्ख आठवत होतं, तिच्या पातळाचा काठसुद्धा. फक्त डब्याचा आवाज आठवत नव्हता. आवाजाचं काम करणारी बाई मला विचारून थकली, “आत काय होतं?” मी म्हटलं, काहीही भर. तिने लोखंडी नट-बोल्ट टाकले. खडखडाट झाला आणि लोक त्या खडखडाटालाच सगळ्यात जास्त हसतात.

येत्या रविवारी हा सिनेमा अमरावतीत दाखवणार आहेत. पुण्याच्या खेळानंतर अकोल्याहून तिच्या मुलाचा फोन आला. काका, तिचे यजमान, गेल्यावर ती त्याच्याकडे असते. तो संकोचत म्हणाला, “आई म्हणून राहिली, माह्यावर सिनेमा निघाला, मी पाहीन.” म्हणजे ती भर सभागृहात बसणार, आणि तिच्या डोळ्यांदेखत सगळं गाव तिला हसणार. तुला याचा आनंद होईल असं मी स्वतःला सांगून पाहिलं. मग बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली.

ती पार लहान झाली आहे, आई. गुडघे गेलेत, पलंगावर पाय लांब करून बसते. मला बघितल्यावर पहिला प्रश्न, “माहं काम कोनं केलं? गोरी हाय का?” मी म्हटलं, आहे. “अन् तुह्या आईचं?” सावळी आहे, मी म्हटलं. तिचं समाधान झालं. चहा झाला, तिच्या सुनेने शेव दिली, आणि मी पायाच्या अंगठ्याने फरशी घासत बसले. शेवटी एकदाचं सांगून टाकलं, की सिनेमा तेरवीच्या डब्यावर संपतो, तुम्ही डबा वाजवता आणि हसता, आणि लोकही हसतात.

“हसली का मी तवा?” ती म्हणाली. “असंन. रडली असती त तुह्या आईले आवडलं असतं?”

“काकू, डब्यात काय होतं?”

“फुटाने.”

मला वाटलं ती माझी थट्टा करते आहे. फुटाण्यांचा डबा शेंबडी पोरसुद्धा एका झटक्यात ओळखते. फुटाणे ठेवणाऱ्या घराला आम्ही पोरी नाकं मुरडायचो.

“लगेच वळखू यावं म्हनून,” ती म्हणाली. “तिचा जीव डब्यात अडकून राहू नये.” मग ती गुडघा चोळायला लागली. मी विचारलं, दवाखान्यात का आला नाहीत? त्यावर मात्र ती चिडली. “काहून येऊ? ती निजलेली, मी उभी, असं पाहायले? तुह्या आईनं तोंड फिरवलं असतं भिंतीकडे. मी आली नाई म्हनून त ती ताठ होती ना? रोज तुले इचारे का नाई, आली का म्हनून?”

हे तिला कसं माहीत, ते मी विचारलं नाही. एवढंच विचारलं, की तुम्ही कुणाला सांगितलं का नाही, डब्यात काय होतं ते.

“कोनं इचारलं?” ती म्हणाली. “घरी येऊन मीच खाल्ले सारे. दात दुखत होता तरी.”

आई, मला तिचा राग आला. इतक्या वर्षांचा माझा राग तिने एका शब्दात फुकट घालवला, त्याचा राग. परतीच्या गाडीत मला खिडकीशी बसवेना, दाराशी उभं राहवेना. निर्मात्याला फोन केला, शेवट बदलू या म्हटलं. तो म्हणाला, वेड लागलंय का, तोच तर सिनेमा आहे. आणि तो चुकीचंही बोलला नाही. काकूंचं काम करणाऱ्या नटीच्या चेहऱ्यावरचं ते जिंकल्याचं हसू मीच तिला तासन्‌तास शिकवलं आहे, ते आता पुसता येत नाही. मग मी आवाजवाल्या बाईला फोन केला. तिला म्हटलं, नट-बोल्ट काढ, स्टीलच्या डब्यात फुटाणे घाल आणि पुन्हा वाजव. तिने विचारलं, फरक पडेल का? पुण्यात नाही पडणार, मी म्हटलं. अमरावतीत पडेल. पुढच्या रांगेतली कुठलीतरी बाई ऐकेल आणि शेजारणीला म्हणेल, “हे त फुटाने हायेत वो,” आणि मग तिचं हसू अर्ध्यावर थांबेल. आज सकाळी तो आवाज आला. मी फोन कानाला लावून तो पुन्हा पुन्हा ऐकला. तू असतीस तर कपडे वाळत घालता घालता सांगितलं असतंस.

एवढं पुरेल की नाही, मला माहीत नाही. रविवारी तिला मी माझ्या शेजारी बसवणार आहे. तेव्हा तरी मला बसता येईल बहुतेक.

आणखी एक राहिलं. मी निघताना तिने सुनेला हाक मारून आतून एक डबा आणवला, माझ्या हातात दिला. “ने. वळखजो.” गाडीत हलवून पाहिला, वाजत नाही. घरी आल्यावर वास घेतला, कानाशी धरला, वहिनीला दाखवला. काही कळत नाही. तो आता तुझ्या ओट्यावर आहे, माझ्या हाताशी, आणि खाली मुंगीही फिरकलेली नाही. तुझी लेक म्हणून मी अजून थोडा वेळ प्रयत्न करीन. पण तुला आधीच सांगून ठेवते, रागावू नकोस. तुझ्या तोंडून जो शब्द तिला उभ्या जन्मात ऐकायला मिळाला नाही, तो मी रविवारी, दिवे मालवायच्या आधी, तिच्या कानात म्हणणार आहे. हरली काकू, मी.