सोफ्यावरून तपासलेली साइट

अहो,
घरातल्या सर्व्हरवर चालणारी माझी साइट पुन्हा सुरू झाली. मॅच अडकते म्हणून तुम्ही नवा राउटर आणलात ना, तोच बाहेरून येणाऱ्यांना दारातून परतवून लावत होता. जुन्यात दिलेली परवानगी नव्यात द्यायची राहिली होती, एवढंच. ती मी दिली.

माझ्या गिऱ्हाईक बायका रोज कळवत होत्या, ब्लाउजची डिझाइन्स उघडत नाहीत. तुम्ही मात्र लोळत लोळत फोन माझ्या नाकासमोर धरायचात. "हे बघ, उघडतंय की! तुझ्या गिऱ्हाइकांनाच अक्कल नाही." अहो, तुमचा फोन घरच्याच वायफायवर, त्याला कोण अडवणार? आज शेजारच्या वहिनींच्या फोनवर पाहिलं, तेव्हा उजेड पडला.

जेवण फ्रीजमध्ये आहे, आजच्यापुरतं. उद्यापासून केर तुम्हालाच काढायचाय, तेव्हा टीव्हीखालच्या सर्व्हरची वायर ओढू नका. साइटचं बाकी सगळं मी ताईकडे बसून करेन. कधी येणार ते विचारायला फोन करू नका.

"आमचं काय, मस्त चाललंय," असं तुम्ही येईल त्याला सांगता. तेही सोफ्यावरूनच तपासलं असणार.