वाइप्सची आंघोळ

३ तारीख
पुसणं म्हणजे आंघोळ का? चार नंबरच्या आजींनी विचारलं. खुब्याचं ऑपरेशन, अंथरुणाला खिळलेल्या. टेबल पुसतात गं, माणूस न्हातो, असंही म्हणाल्या. नर्सिंगच्या डिग्रीला हा प्रश्न नव्हता.
संकल्प: वॉर्डातून अंग पुसायची बादली हद्दपार. यापुढे फक्त जंतुनाशक वाइप्स. महिन्याभरात इन्फेक्शन शून्य. बाबांना फोनवर सांगितलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट, म्हणजे आतापर्यंत अख्ख्या गल्लीला कळलं असेल. माघार नाही.

५ तारीख
आयामावशी म्हणाल्या, सिस्टर, पाकिटाचं झाकण लावत जा, वाळतात ते. मी त्यांना ‘जंतुनाशक’ शब्दाचा अर्थ समजावून सांगितला. त्या ऐकत होत्या. निदान मान हलवत होत्या.

६ तारीख, सकाळी
वाइप्स वाळले. नवा बॉक्स सोमवारी. पाकिटात थोडं नळाचं पाणी घातलं. छान ओले झाले! अर्धं पाकीट वाचलं. यालाच प्रसंगावधान म्हणतात.

८ तारीख
आजींना थंडी वाजून ताप. टाक्यांभोवती लाल झालंय. संशय: जावई. हात न धुता पलंगावर बसतो.

९ तारीख
जावई आठवडाभर आलेलाच नाही. संशय: मावशींची बादली. इन्चार्ज सिस्टरांना तसं सांगितलं. मावशी म्हणाल्या, बादली तर तुम्हीच बंद केलीत ना? मुद्दा आहे. पण शिकलेल्या माणसाने लगेच डगमगू नये.

१० तारीख
डॉक्टरांनी बादली, नळ आणि पाकीट, तिन्हींचे नमुने लॅबला पाठवले. पाकिटाचा कशाला? असो, सोन्याला आगीची भीती कसली.

१२ तारीख
रिपोर्ट आला. बादली स्वच्छ. नळात, पाकिटात आणि आजींच्या जखमेत एकच जंतू. पाकिटात पाणी गेलं कसं, कुणालाच कळेना. पाण्याची कामं मावशींची, म्हणून चौकशी होईपर्यंत त्यांना घरी बसवलं. मी गप्प. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.
जाताना मावशी मलाच सांगून गेल्या, आजींना पाय उघडे ठेवलेले चालत नाहीत, तेवढं बघा.

१३ तारीख, सकाळी आठ
आजींचा ताप उतरला. त्यांच्यासाठी बरं वाटलं, मावशींसाठी वाटेना.
घटना-नोंदीचा फॉर्म भरला. कारण: नळाचं पाणी. कुणी घातलं: मी. नावापुढे डिग्री लिहायला जागा होती, रिकामी सोडली. फॉर्म इन्चार्ज सिस्टरांच्या हातात देऊन आले.