आधी राख, मग चिंच

आये, आज आपल्या गावच्या विहिरीवर कारखान्याचा टँकर लागणार होता, तो लागला नाही. एवढंच सांगायला बसले होते. पण तुझ्याशी कधी एवढ्यावर थांबणं जमलंय का मला?

तुला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मुरबाडच्या ज्या कापड रंगवायच्या कारखान्यात तू कँटीनची भांडी घासायचीस, तिथेच मी आता पाण्याच्या प्लँटची इनचार्ज आहे. हसू नकोस, मला लोक मॅडम म्हणतात. तुझ्या वेळी आत लागणारं सगळं पाणी टँकरने यायचं, वैशाखरे गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आपल्या विहिरीचंसुद्धा, आणि रंगून झालं की नाल्याला जायचं. उन्हाळ्यात तू विहिरीत उतरून वाटीने हंडा भरायचीस तो त्यामुळेच. आता रंगाचं पाणी आम्ही बाहेर सोडत नाही. निवळवतो, गाळतो, मग पंपाने जोर लावून मेंब्रेनमधून ढकलतो. मेंब्रेन म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा, लांब नळकांड्यात गुंडाळून बसवलेला. पाणी तेवढं पलीकडे जातं, रंग आणि मीठ अलीकडे राहतं. पलीकडच्या पाण्यात पुन्हा कापड रंगवायचं. तू असतीस तर नाक मुरडून म्हणाली असतीस, "त्याच पान्यात परत? शी!" पण त्याच पाण्यामुळे आपल्या विहिरीवरचा टँकर बंद झाला, आणि आता वैशाखातही पोहरा बुडतो.

तर गेल्या आठवड्यात हे पडदे तुंबले. पंप कण्हायला लागला आणि पलीकडची धार करंगळीएवढी झाली. असं झालं की पडदे औषधाच्या पाण्याने धुवायचे असतात. मी आम्लाने धुवायला सांगितलं. मागच्या खेपेला क्षार साचले होते आणि आम्लाने झटक्यात सुटले होते, म्हणून याही खेपेला तेच. बघायचं नाही, विचारायचं नाही, आपण शहाण्या! धार होती त्याहून बारीक झाली. साहेब आले, मीटर पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, मेंब्रेन गेली. नवी यायला दोन महिने लागतील. तोपर्यंत तुमच्याच गावच्या विहिरीवरून टँकर लावू. सोमवारपासून." चूक माझी, आणि वाटीने हंडे भरणार आपल्या वाडीतल्या बाया. मी सोमवारपर्यंतचे दोन दिवस मागून घेतले. कशासाठी, ते मलाही माहीत नव्हतं.

दुपारी डबा गिळवेना म्हणून टेबलावरचा तांब्या घासायला घेतला. म्हसा गावच्या जत्रेतून तू माझ्यासाठी आणलेला, तोच. इतर पोरींना बांगड्या मिळाल्या आणि मला तांब्या, म्हणून मी किती रुसले होते! त्यावर शेंगदाण्याच्या चटणीचे तेलकट हात लागले होते. मी आमसुलाचं पाणी लावलं, तर डाग हटेना. चोळत बसले आणि एकदम दहा वर्षांची झाले. घरी पाहुणे यायचेत. तू चुलीशी, मी मागल्या दारी. कालवणाचं पितळी पातेलं चकचकीत करून तुला दाखवायचं म्हणून मी त्यावर सरळ चिंच फासते आहे. पातेलं तेलकट ते तेलकटच, वर चट्टे. तू येतेस, माझ्या हातातली चिंच काढून घेतेस.

"अगो, आधी राख, मंग चिंच! तेल नाय गेला त चिंच लागंल कुठं?"

"पण लवकर व्हायला हवंय ना!"

"भांड्याला तुजी घाई कलत नाय. राख लाव नि जरा तशीच ठेव."

आये, मी तांब्या तसाच टाकून प्लँटकडे पळाले. या खेपेला पडद्यांवर क्षार नव्हतेच मुळी. रंगखात्यातला साबण आणि तेल बसलं होतं, आणि मी त्यावर चिंच फासली होती. मग कॉस्टिक सोड्याचं सौम्य, कोमट पाणी फिरवलं, ती झाली राख. पंप बंद करून तसंच भिजत ठेवलं. दर तासाला प्लँटवरची पोरं विचारत, "मॅडम, सुरू करू?" मी म्हणे, ठेव जरा. काळपट, चहासारखं पाणी बाहेर आलं तेव्हा मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मग साध्या पाण्याने खळबळून शेवटी लिंबाच्या सत्त्वाचं पाणी, ती चिंच. रविवारी दुपारी धार मनगटाएवढी झाली. पहिल्यासारखी अगदी नाही, पण कारखाना चालेल इतकी. साहेबांनी माझ्यासमोरच टँकरवाल्याला नको म्हणून फोन केला. आज सकाळी येताना मी मुद्दाम विहिरीवरून आले. दोघीजणी धुणं धूत होत्या, मोठमोठ्याने हसत होत्या. त्यांना यातलं काहीच माहीत नाही, आणि तेच मला बरं वाटलं.

हे पत्र कुठे टाकणार? घडी घालून तांब्यात ठेवीन. पण एक राहिलंच. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुठे शिकलात?" मी म्हणाले, "मॅन्युअलमध्ये आहे, सर." असेलही; मी ते पान उघडलेलं नाही. तू इथे भांडी घासायचीस हे मी इथे कधी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या नखांतली काळी राख दिसू नये म्हणून शाळेच्या दारातही मी तुझा हात धरत नसे. तू ओळखलं होतंस ना ते? कधी बोलली नाहीस.

आज मी प्लँटमधल्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, आधी राख, मग चिंच. नव्या ऑपरेटर मुलीने हसत विचारलं, "मॅडम, हे कुणाचं?" मी म्हटलं, उद्या सांगते. तोंडातून शब्द नीट निघतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून आज आधी तुलाच सांगून पाहिलं.