सैल पट्टा

प्रिय ताई,

हे पत्र यांच्या हातून मिळेल. उद्या सकाळची तुमच्या गावाची बस हेच नेणार आहेत, ती परत आणली की मग रजेवर. कालपासून मला दवाखान्यात ठेवून घेतलंय. खाटेवर उशीला टेकून लिहितेय, अक्षर वेडंवाकडं आलं तर लागेल तसं लावून घे. फोन केला असता तर नेहमीसारखं 'बरी आहे गं' म्हणून मोकळी झाले असते.

सहाव्या महिन्यापासूनची बीपीची कटकट तुला ठाऊकच आहे. तपासणीला गेलं की आकडा वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींचं बीपी पांढरा कोट पाहूनच चढतं, घरी मोजून वहीत लिहून आणा. कारखान्यात हे सांगितलं तर सगळ्याजणी पोट धरून हसल्या. चौदा वर्षं मी दवाखान्यांचे कोटच तर शिवते! मास्तर म्हणाले, "स्वतः काजं-बटणं केलेल्या कोटाला घाबरणारी तू पहिलीच." तूही म्हणालीस, लहानपणी सुई दिसली की पलंगाखाली जायचीस, घाबरट कुठली.

सासूबाईंनी कपाटातून मामंजींचं बीपीचं यंत्र काढलं. मामंजींना जाऊन दोन वर्षं झाली, पण त्यांचा चष्मा, घड्याळ, यंत्र, सगळं त्यांनी जपून ठेवलंय. पुसून, नवे सेल घालून सकाळ-संध्याकाळ मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. एकशे अठरा, शहात्तर. "बघ, घरी कसं शहाण्यासारखं वागतंय!" असं म्हणून माझ्या पाठीवर थाप मारायच्या. मग मी डबा उचलून कामावर. पाय इतके सुजायचे की संध्याकाळी चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठलेले असायचे. डोकं जड व्हायचं, मशीनवरची सुई एकाच्या दोन दिसायची. मी म्हणायचे, दमणूक आहे. घरचा आकडा चांगला आहे ना, मग झालं.

काल तपासणीत एकशे साठ, एकशे दहा आलं. सासूबाई यंत्र पिशवीत घेऊनच आल्या होत्या. नर्सला म्हणाल्या, "तुमचंच बिघडलंय, आमच्याने मोजा." नर्सने मामंजींचा पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला आणि हसली. "आजी, हा कुणाचा? पैलवानाचा? एवढ्या मोठ्या पट्ट्यात आकडा कमीच येणार." मग लहान पट्टा लावून पुन्हा मोजलं. तेच, एकशे साठ. लघवीची तपासणीही चांगली आली नाही. मग कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीला नुसती भीती असेलही, पण खरा त्रास कधी सुरू झाला ते या वहीवरून कळणारच नाही. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं चालू केलीत. परवा सकाळी ऑपरेशन. पाच आठवडे आधी येतंय बाळ. वाचेल म्हणतात. माझ्याबद्दलही तेच म्हणतात, जरा हळू आवाजात.

सासूबाई कालपासून बाहेरच्या बाकावर बसून आहेत, वही मांडीवर घेऊन. घास घेत नाहीत. "मीच मोजलं गं, मीच लिहिलं," एवढंच. ताई, मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. बाही दंडाला किती सैल बसते ते मला टेपशिवाय कळतं. पट्ट्यावर छापलेली रेघ ओलांडून त्याचं टोक पार पुढे गेलं होतं, आणि मी ते बघत होते. मग एकशे अठरा आलं, आणि मला इतकं बरं वाटलं की मी काही बोलले नाही. फार थकले होते गं. कुणीतरी एकदा 'सगळं ठीक आहे' म्हणावं, एवढंच हवं होतं. त्या रोज दोनदा म्हणत होत्या. आज तीनदा त्यांना आत बोलावलं, आणि तिन्ही वेळा फक्त पाणी मागितलं. म्हणून तू ये. याच बसने परत ये. मला आत नेण्याआधी त्यांच्याजवळ बस आणि हे पत्र त्यांना वाचून दाखव. माझ्याने होत नाही.

तुझीच,
घाबरट