कणकेच्या खळीने चिकटवलेलं मुखपृष्ठ

बाबा, आपली चाळ पाडायला घेतली. त्याआधी मी तुमचं ते चित्र भिंतीवरून सोडवून घेतलं. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ, हिरव्या लुगड्यातली बाई, हातात निरांजन. अशी जुनी मुखपृष्ठं आता मीही जमवते. नाद तुमचाच लागला, नशीब माझं.

मिलच्या फोल्डिंग खात्यात तुम्ही कापडाच्या ताग्यांवर छापील चित्रं चिकटवायचात, एक बुडबुडा राहायचा नाही. दिवाळीला अंक आणलात की मला मांडीवर घेऊन मुखपृष्ठ दाखवायचात, या बोटांत बघ कसा जीव ओतलाय म्हणायचात. मग संप आला. गेटवरून रोज कुणाचं तरी डोकं फुटल्याची बातमी घेऊन यायचात. ज्याच्यावर हात उगारायचा तो मालक काही तुमच्या हाती लागला नाही. आई लागली.

त्या दिवशी तिने अंकांचा गठ्ठा रद्दीत घालून तांदूळ आणले. भात चुलीवर आहे. तुम्ही फडताळ उघडता, ते रिकामं बघता, आणि तिचा अंबाडा धरून डोकं भिंतीवर आपटता. एकदाच नाही. मी तुमच्या पोटरीला कडकडून चावते, तर लाथेसरशी मोरीत जाऊन पडते. शेजारी दार ठोकतायत आणि तुम्ही आतून ओरडताय, "हा माझ्या घरातला मामला आहे!" भात करपून कोळसा झाला. सकाळी घरात मूठभर कणीक होती. तिची तुम्ही खळ शिजवलीत आणि पेटीत होतं म्हणून रद्दीतून वाचलेलं एकच मुखपृष्ठ रक्ताच्या डागावर चिकटवलंत, तळहाताने मधून कडेकडे सारत, ताग्यावर लावायचात तसं. आई डोक्याला फडकं बांधून बघत होती. आम्ही उपाशी आणि भिंत जेवली.

पुढे येईल तो म्हणायचा, काय हौशी माणूस! तुमच्या बाराव्यालासुद्धा लोक त्या चित्राकडे बघून हळहळले. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आई त्यांना चहा द्यायची.

ओलं फडकं दाबून दाबून मी कागद सोडवला. डाग भिंतीवर राहिलाच नाही, कागदाच्या पाठीला चिकटून आला. काळपट, तळहाताएवढा. आईला विचारलं, फेकून देऊ? केस न उगवलेल्या जागेवर पदर ओढत ती म्हणाली, "टाकू नको. इतकी वर्सां लोकांनी फुडची बाजू बघल्यांनी. आता पाठ बघूंदेत."

लोअर परळला, मिलच्या जागी झालेल्या एका गॅलरीत माझ्या मुखपृष्ठांचं प्रदर्शन लागलं. तुमचं चित्रही फ्रेममध्ये घातलं आणि पाठ पुढे करून टांगलं. विचारेल त्याला सगळं सांगितलं, तुमचं नाव घेऊन सांगितलं. आई खुर्चीवर ताठ बसून ऐकत होती.

हे पत्र टाकायचं कुठे, आणि टाकायचं तरी कशाला? प्रदर्शन उतरवताना आई खाली गाडीत जाऊन बसली होती. मी फ्रेम उलटी केली आणि चित्राकडे बघत राहिले. एक बुडबुडा नव्हता, बाबा. मला तुमची मांडी आठवली, आणि तेवढा वेळ तुमचा राग येईना. आईला मी हे सांगितलेलं नाही.