राहिलेला गृहपाठ

चष्मिष,

धर्माच्या तासाला सरांनी आपल्याला एकमेकांच्या घरची प्रार्थना बघून लिहायला सांगितलं होतं. माझ्या आईबद्दल तू लिहिलंस, ‘त्या देवाकडे काही मागत नाहीत, त्याच्याशी भांडतात.’ मी भर वर्गात तुझ्यावर ओरडलो आणि तिरीमिरीत कॉलेजच सोडलं.

काल आईनं माझ्याकडेच राहिलेला तुझा तो निबंध माझ्याकडून वाचून घेतला. म्हणाली, “तुझे बाबा गेल्यापासून भांडतेच आहे. परक्या पोरीला दिसलं. तुझे डोळे कुठे होते रे?”

सरांना विचारलं, परत येऊ का? म्हणाले, “ये, पण राहिलेला गृहपाठ आधी.” म्हणजे तुझ्या घरी, तुझे बाबा प्रार्थना करताना समोर बसून नुसतं बघायचं. तिथे आता तुझ्या लग्नाची तयारी चाललीय. मला गप्प बसवेल का गं?

हे पत्र तुला देणार नाही.

तुझाच,
भडकू